बोल्टचा नंबर वेगळा

विडी घरकुलात, दुपारी दोनला, तापल्या पत्र्याखाली
अंबादास येमूलनं सुपातली तेंदूपानं बाजूला सारली
आणि चादरीची घडी उलगडली.
आत ती. थ्री नॉट थ्री.
"पुण्याचा माणूस रविवारी येतोय की ओ, आर्मररसाहेब.
त्याच्या तोंडून ऐकायच्या आधी
तुम्ही आकडा सांगा."

सोरेगावच्या कॅम्पात एकतीस वर्षं
मी हिच्या बहिणींना उघडलं, पुसलं, मिटलं.
आधी हात वजन घेतो, मग चष्मा लागतो.
चेंबरला आरपार भोक, सोबत पोलिसांचा कागद:
ही आता गोळी उडवणार नाही.
त्याचे पैसे कापले जातात,
पण म्हणूनच ती घरात झोपू शकते.

मुकुट आहे. खाली ईशापूर, खाली साल, अठ्ठावीस.
अक्षरांत कुंकू बसलेलं.
दर खंडेनवमीला धोट्यांशेजारी तिला मांडायचे,
तेलात कालवलेलं बोट लावायचे.
रॉकेलचा बोळा फिरवला आणि बघतो तर
जिथं बोट टेकत होतं तिथं गंज नाही.
पाठीमागे, जिथं पूजा पोचली नाही,
तिथं सगळा.

विडीच्या कट्ट्याचं लेबल, कोरी बाजू वर करून,
नळीमागे धरलं, तोंडातून पाहिलं.
पाच आटे, डावीकडे वळत गेलेले, धारदार,
आणि शेवटाला भोकातून उतरलेलं
सोलापूरचं ऊन.

नळीवर ५१७३. बॉडीवर ५१७३.
नाकाडावर ५१७३.
बोल्टवर ८८०.
कुठल्यातरी कोठारात, घाईच्या तपासणीत
दोन रायफली शेजारी उघडल्या असतील,
कुणीतरी हिचा बोल्ट तिला घातला.
मीही घातलाय तसा, एकदा, रात्री.
कुणाला बोललो नाही.

"आणि हे लाकूड?"
"गेल्या साली पॉलिश मारलं, साहेब.
पेपरनं घासून. चकाचक."
अरे अंबादास.
अक्रोडावरचे शिक्के होते ते.
तासाभरात अर्धी किंमत भुसा करून झाडलीस.
त्याचा चेहरा उतरला.
त्याच्या बायकोची कात्री थांबली,
मग पुन्हा पानं कापू लागली.

पुढच्या लाकडाला चीर. चिरेवर सूत.
असल्या जागी तांब्याची तार असते, सरकारी, डाग दिलेली.
हे सूत. दुपदरी, सरसात भिजवून ओढलेलं.
मोजले. बावीस वेढे,
एकही दुसऱ्यावर चढलेला नाही.
"हे कुणी?"
"आजोबांनी. मल्लेशम येमूल. मिलच्या गेटवर होते.
मिल मिटली, चौदा महिन्यांचा पगार बुडाला.
लिलावात हिला कुणी बोली लावेना,
मॅनेजर म्हणाला, मल्लेशम, बाकीत ही घे."
"गेटच्या आधी?"
"मागावर. खडखडाटानं कान गेले,
तेव्हा गेटवर घातलं."

बहिरा माणूस. रात्रपाळीला.
खांद्यावर ही.

लेबलावरच लिहायला घेतलं.
मूळ इतके. भोकाचे वजा. बोल्टचे वजा.
पॉलिशचे बरेच वजा.
सुतापाशी पेन्सिल अडली.
पुण्याचा माणूस म्हणेल, हे काढा,
खालचं लाकूड बघू.
रीतीनं तो बरोबरच असेल.
नोकरीत असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

"चौदा महिन्यांचे किती होत होते रे?"
अंबादासला ठाऊक नव्हतं.
त्याची बायको, पानावरून नजर न काढता:
"पाच हजार सहाशे अठ्ठेचाळीस.
सासूबाई रोज म्हणायच्या."

तो आकडाही लिहिला. कुठल्या बाजूला, ते कळेना,
म्हणून मधोमध.
खाली रेघ मारली नाही.
चहा आला. चादर पुन्हा घातली तिच्यावर.
दारात चप्पल शोधताना म्हटलं,
विकायची तर वीक, अंबादास.
पण सूत त्याला सोडू देऊ नकोस.
सोडायचंच ठरलं तर तुझ्या हातानं सोड,
आणि गुंडाळून ठेव.